कोल्हापुरातून वाइन टेस्टिंगची निवांत ट्रिप : नाशिक करू की अकलूज?

रंकाळ्याची_हवा
नमस्कार मंडळी. मी, नवरा, दीर-जाऊ आणि सासूबाई असे पाचजण द्राक्षबागा आणि वायनऱ्या बघायला जायचं म्हणतोय. घरातनं सगळ्यांचं एकच म्हणणं, पळापळ नको, सकाळी सहाला उठून रात्री अकराला रूमवर पडायचं असलं काही नको. वाइनमधलं आम्हाला फारसं कळत नाही, गोव्याला गेल्यावर एखादा ग्लास घेतलाय तेवढंच, पण ती बनते कशी, रेड आणि व्हाइटमध्ये फरक नेमका कुठनं येतो, चाखायची म्हणजे काय करायचं हे समजून घ्यायची लै इच्छा आहे. सासूबाई घेत नाहीत. पण त्या शिरोळकडच्या, शेतीतल्या, कुठंही गेलं की आधी माती हातात घेऊन बघणार, त्यामुळं त्यांना नुसतं गाडीत नाहीतर रेस्टॉरंटात बसवून ठेवायचं नाही, त्यांचाही दिवस झकास गेला पाहिजे. गाडी सातसीटर आहे, दोघं भाऊ आलटून पालटून चालवतात. सगळे नाशिकच सांगतात म्हणून डोक्यात नाशिक आहे. २६ जानेवारीला जोडून जावं की फेब्रुवारीत? सांगा कसं करायचं.

गोदाकाठची_गडहिंग्लजकर
ताई, माहेर गडहिंग्लज, सासर नाशिक, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्याच घरचा आहे :) पहिलं म्हणजे २६ जानेवारी डोक्यातून काढा. त्या दिवशी ड्राय डे असतो, तुम्ही एवढ्या लांबून येणार आणि टेस्टिंग रूम बंद. ३० जानेवारीलाही तेच. लाँग वीकेंड बघून बुकिंग करणारे पाहुणे इथं दरवर्षी हिरमुसून परत जाताना बघते मी.

फेब्रुवारी उत्तम. वाइनच्या द्राक्षांची तोडणी इकडे जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे वेलीवर घड बघायला मिळतात आणि वायनरीत खरंच काम चालू असतं. मे महिन्यात आलात तर नुसत्या स्टीलच्या टाक्या बघून जाल. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण फळ नसतं. फक्त एक बघा, सुलाफेस्ट (सुला वायनरीचा संगीत महोत्सव) ज्या वीकेंडला असतो (बहुतेक फेब्रुवारीतच) तो टाळा, गाणीबजावणी हवी असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्हाला निवांत हवंय आणि तेव्हा गंगापूर रोडला खोली मिळायची मारामार.

नाशकात वायनऱ्या तीन बाजूंना विखुरल्यात हे लक्षात घ्या, लोक नकाशा न बघता यादी करतात आणि मग दिवसभर गाडीत बसतात. गंगापूर धरणाच्या बाजूला गंगावऱ्हे परिसरात सुला, यॉर्क, सोमा अगदी जवळजवळ. सुलाची वायनरी १९९९ ची, आणि २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली ती देशातली पहिली. यॉर्क पण २०२१ पासून सुलाकडेच आहे पण जागा लहान आणि शांत, धरणाचं पाणी समोर दिसतं, मला विचाराल तर संध्याकाळ तिथंच घालवा. दुसरी बाजू दिंडोरी. तिसरी इगतपुरी तालुक्यात संजेगावची, तिथं व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा शेजारी शेजारी आहेत, मुकणे धरणाकडचा भाग, गर्दी कमी आणि माहिती सांगणारा माणूस तुमच्याशी बोलायला मोकळा असतो. एका दिवशी एकच बाजू धरा. दिवसाला दोन वायनऱ्या, तिसरी नाही, हे माझं ठाम मत. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ बधिर झालेली असते, कुठली काय प्यायलो ते रात्री आठवत नाही.

सासूबाईंना त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर. पण सोमवारी नको, प्रचंड रांग. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात तर नाशिकला वाइनसाठी यायचा विचारच करू नका.

सम्या_शाहूपुरी
माहिती एक नंबर दिलीय वहिनींनी, पण मी जरा वेगळं बोलतो. कोल्हापूर ते पुणे २३० किमी, पुणे ते नाशिक २१० च्या आसपास, म्हणजे साडेचारशे किलोमीटर एका बाजूनं, त्यात हायवेचं काम कुठं चालू असलं, पुण्यात चांदणी चौक नाहीतर चाकणला अडकला की दहा तास कुठं गेले कळत नाही. दोन दिवस जाण्या-येण्यातच. सोबत वयस्कर माणूस. ह्याला निवांत म्हणायचं का? चार-पाच दिवस हाताशी असतील तर नाशिक कराच, नाहीतर रेल्वेनं महाराष्ट्र एक्सप्रेसनं मनमाडपर्यंत जा आणि पुढं टॅक्सी करा.

पण शुक्रवार ते रविवारच असेल तर अकलूज बघा की राव! आपल्याकडनं दोनशेच्या आसपास. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, महूद, वेळापूर, अकलूज. रत्नागिरी-नागपूर हायवे झाल्यापासनं सांगोल्यापर्यंत रस्ता लोण्यासारखा. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे, २००७ ची, इटलीतले दोघे भाऊ, दिल्लीकडचे दोघे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भागीदारीतनं उभी राहिलेली, तिथली वाइन घडवली ते पिएरो मासी पण इटलीचेच. त्यांची सेत्ते नावाची रेड नावाजलेली आहे. सांजोवेजे म्हणून इटलीतली जात आहे तिच्या बागा सोलापूर जिल्ह्यात बघायला मिळतात हेच मला लै भारी वाटतं. फक्त तिथं असंच गाडी घेऊन धडकू नका, आधी फोन करून टूर आणि मुक्काम ठरवा, राहायच्या खोल्या मोजक्या आहेत.

आणि मावशींसाठी पंढरपूर तिथनं पाऊण-एक तासावर. अजून काय पाहिजे.

रंकाळ्याची_हवा
सम्याभाऊ, हे डोक्यातच नव्हतं आलं! पंढरपूर म्हटल्यावर सासूबाई आत्ताच बॅग भरायला बसल्या. पण एकाच वायनरीसाठी जायचं म्हणजे कमी नाही का होणार? आणि आधी विठोबा मग वाइन हे बरं दिसेल का असं जाऊबाई विचारतायत.

सम्या_शाहूपुरी
एक नाही दोन करा. अकलूजहून बारामती तास-दीड तास, आणि बारामती-पाटस रस्त्याला रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वायनरी आहे, दगडी वाड्यासारखी मोठी इमारत, लांबून दिसते, आता ती ग्रोव्हर झाम्पाकडं आहे. म्हणजे शुक्रवारी अकलूज, शनिवारी बारामती, रविवारी फलटण-सातारा करून कोल्हापूर. गोल फिरून घरी, आलेल्या रस्त्यानं परत नाही. येताना वाटलं तर शिखर शिंगणापूर, गाडी डोंगरावर गावापर्यंत जाते.

दर्शनाचं म्हणाल तर आमच्या घरी पण असंच असतंय, सकाळी दर्शन, त्या दिवशी काही घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी वायनरी. सगळ्यांचं मन राहतंय. फक्त माघी एकादशीची तारीख बघून घ्या, ती जानेवारी शेवट नाहीतर फेब्रुवारीतच येते आणि पंढरपुरात माघी वारीला पाय ठेवायला जागा नसते.

तासगावचा_बागायतदार
धागा बघितला आणि राहवलं नाही. ताई, अकलूजला जाताना तुम्ही आमच्याच द्राक्षपट्ट्यातनं जाणार आहात, मिरज तालुका, कवठेमहांकाळ, थोडं आत तासगाव. इथं न थांबता पुढं जाऊ नका ही विनंती. वाइन समजायची असेल तर आधी द्राक्ष समजून घ्या, आणि त्यासाठी खायच्या द्राक्षाची बाग आणि वाइनची बाग दोन्ही एकाच सहलीत बघायचा योग या रस्त्यावर आहे.

आमच्याकडं थॉमसन, सोनाका, माणिक चमन आणि आमच्या तालुक्यातल्या बोरगावची तास-ए-गणेश. खायचं द्राक्ष म्हणजे मणी मोठा, साल पातळ, बी नाही, चावलं की कुरकुरीत. त्यासाठी आम्ही घडातले मणी विरळ करतो, पेपर लावतो, मणी फुगावा म्हणून जीव टाकतो. वाइनचं द्राक्ष हातात घ्याल तर वाटेल हे काय एवढंसं, वाटाण्याएवढा मणी, जाड साल, आत बिया. पण रेड वाइनचा रंग, तुरटपणा, वास, सगळं त्या सालीत असतं. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून तिथं मणी फुगवायचा नसतो. माल तयार झाला का बघायचं तर मणी दाबून बी बाहेर काढा, हिरवं असेल तर अजून वेळ आहे, तपकिरी झालं आणि दाताखाली कडकन फुटलं की तोडणी जवळ आली. सोबत ब्रिक्स मीटरनं साखर मोजतात, वाइनला साधारण २२-२४ ब्रिक्सवर माल जातो.

अजून एक गोष्ट तिकडं गेल्यावर विचारा, छाटणीची. युरोपात थंडीत वेल झोपते, वर्षाला एक छाटणी. आपल्याकडं वेल झोपतच नाही म्हणून दोनदा छाटावी लागते, एप्रिलला खरड छाटणी ती काडी तयार करायला आणि ऑक्टोबरला फळछाटणी ती मालासाठी. दोन छाटण्या आणि पीक एकच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डाऊनी (बुरशीचा रोग) येतो आणि मग माणूस रात्री झोपत नाही, वाइनची बाग असो नाहीतर थॉमसनची.

सांगलीचा बेदाणा तर जीआयवाला (भौगोलिक मानांकन मिळालेला) आहे. फेब्रुवारी-मार्चला कवठेमहांकाळ, नागज भागात रस्त्याच्या कडेनं बेदाण्याची शेड दिसतील, हिरव्या नेटची, आत जाळीचे मजल्यावर मजले. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात, वारा खेळता ठेवतात आणि पंधरा दिवसांत हिरवट सोनेरी बेदाणा तयार. शेडजवळ उभं राहिलं तरी गोडसर वास येतो. मावशींना हे शंभर टक्के आवडणार. बाया बेदाणा निवडत बसलेल्या असतात, त्यांच्याशी बोलायला लागल्या की तुम्हालाच ‘चला आता’ म्हणावं लागंल.

एक कळकळीनं सांगतो, कुठल्याही बागेत न विचारता मणी तोडून तोंडात टाकू नका. फवारणी कधी झालीय ते मालकालाच माहीत असतं.

गोदाकाठची_गडहिंग्लजकर
दादा, फार सुंदर लिहिलंत. सांगलीत वाइनचं पुढं काय झालं? पलूसला वाइन पार्क काढला होता ना, आमच्याकडे विंचूरला काढला तसाच?

तासगावचा_बागायतदार
होय, २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतरची गोष्ट. गोदावरी पार्क तुमच्या विंचूरला आणि कृष्णा पार्क आमच्या पलूसला. त्या हवेत इकडं लई जणांनी वाइनची द्राक्षं लावली. माझ्या चुलत्यांनी एका वायनरीशी बोलून थॉमसनची चांगली चालती बाग काढून कॅबरने ही रेड वाइनची जात लावली. दोन-तीन वर्षं बरं चाललं, मग २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइन पडून राहिली आणि त्या लोकांनी माल उचलायचा बंद केला. आता खायचं द्राक्ष असतं तर बाजारात नेऊन विकता आलं असतं, बेदाणा करता आला असता. कॅबरने कोण खाणार, बी-वालं बारकं द्राक्ष? शेवटी कुऱ्हाड लावली. राज्यात त्या काळात बऱ्याच जणांनी अशा बागा काढल्या. म्हणून सांगतो, टेस्टिंगला जाल तेव्हा जरूर विचारा की तुमची द्राक्षं स्वतःच्या बागेतली का शेतकऱ्यांची, करार किती वर्षांचा, दर कसा ठरतो. पाहुण्यांनी विचारलं की त्यांनाही कळतं की लोकांना याची काळजी आहे. मला वाइनचा राग नाही, चांगली कंपनी आणि कागदावरचा करार असेल तर शेतकऱ्याला ते चांगलंच आहे.

तांबडा_पांढरा
मी हॉटेल लाइनमध्ये आहे, चाखायचं कसं त्यावर लिहितो कारण पहिल्यांदा जाणारे तिथं बुजतात आणि बुजायचं काही कारण नाही.

आधी रंग बघा, मागं पांढरा कागद धरून. मग ग्लास खाली देठाला धरून हळू फिरवा म्हणजे वास मोकळा होतो, वर वाटीला धरू नका, हाताच्या उबेनं वाइन तापते. नाक घालून वास घ्या आणि जो आठवतो तो बिनधास्त सांगा, सोव्हिन्यों ब्लां या व्हाइटमध्ये कुणाला पेरू येतो कुणाला कापलेलं गवत, शिराझ या रेडमध्ये काळी मिरी, शेनँ ब्लां या व्हाइटमध्ये पिकलेलं अननस. पुस्तकातली नावं पाठ करायची गरज नाही, आपल्या बाजारात जे फळ मिळतं त्याचंच नाव घ्यायचं. मग छोटा घोट, तोंडभर फिरवून. जिभेच्या कडेला पाणी सुटलं तर आंबटपणा, हिरड्या कोरड्या पडल्या तर टॅनिन, म्हणजे सालीतला तुरटपणा. गिळायलाच पाहिजे असं नाही, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर मागा, ते वापरण्यात काही कमीपणा नाही, धंद्यातली माणसं तेच करतात. क्रम हलक्याकडून जडाकडं, स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे, मग रेड, गोड सगळ्यात शेवटी. त्या दिवशी सेंट-अत्तर लावू नका, स्वतःचं जाऊ दे, शेजारच्यालाही वाइनचा वास कळत नाही त्यामुळं.

रेड-व्हाइटचा फरक विचारला होता. व्हाइटला द्राक्षं आधी प्रेसमध्ये दाबून नुसता रस आंबवतात. रेडला सालीसकट. टूरमध्ये संधी मिळाली तर रेडच्या टाकीत वरून डोकावा, साली वर तरंगून जाड थर बसलेला असतो आणि खालचा रस पंपानं वर ओढून त्या थरावर ओततात म्हणजे रंग उतरतो. जवळ गेल्यावर यीस्टचा, ओल्या भाकरीच्या पिठासारखा वास येतो, टाकी गार ठेवलेली असते कारण आंबताना उष्णता निघते. पायानं द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम असेल तर मजा म्हणून करा, वाइन मात्र मशीनवरच होते.

जेवणाचं एक कोल्हापूरकर म्हणून सांगतो. तांबड्या रश्श्यावर जड रेड घेऊ नका. तिखट आणि टॅनिन एकत्र आले की तोंडात नुसती आग, अल्कोहोल पण जास्त जाळतं. तिखटाला किंचित गोडसर गार शेनँ ब्लां बेस्ट. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि मटणाचा स्टॉक असतो, त्याला व्हियोनिए ही व्हाइट झकास लागते. रेड पाहिजेच असेल तर सुक्या मटणासोबत, मसाला कमी ठेवून. टेस्टिंगच्या आधी मात्र मिसळ नको, जीभ तिखटानं भरलेली असली की काही कळत नाही. साधी पोळीभाजी, दहीभात खाऊन जा. रिकाम्या पोटी तर अजिबात नको.

पाचगावकर
एवढं कशाला टेन्शन घेताय, टेस्टिंगला ग्लासात तळाला दोन घोट असतात. त्यानं काय गाडी चालवायला अडत नाही. आम्ही सगळे चालवतो.

गोदाकाठची_गडहिंग्लजकर
नाही पटलं, आणि स्पष्टच लिहिते कारण हे वाचून कुणीतरी तसं करेल. पाच-सहा वाइनचे दोन दोन घोट म्हणजे मिळून एक चांगला भरलेला ग्लास होतो, वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, आणि दिवसात दोन वायनऱ्या म्हणजे दोन ग्लास, वर जेवताना घेतली ती वेगळीच. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, मोटार वाहन कायदा कलम १८५. आणि दंड जाऊ दे बाजूला, संजेगाव काय किंवा अकलूज काय, संध्याकाळी त्या रस्त्यांवर बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, पोरं सायकलवर घरी निघालेली असतात. त्यांनी काय केलंय?

सम्या_शाहूपुरी
वहिनींना पूर्ण अनुमोदन. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम, डबल ट्रॉलीला मागनं ठोकल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतोय. उपाय सोपा आहे, एकतर ड्रायव्हर घ्या, त्याची राहायची-जेवायची नीट सोय करा, नाहीतर दोघा भावांनी दिवस वाटून घ्या, एक दिवस एकानं फक्त वास घ्यायचा आणि थुंकायचं. वायनरीतच मुक्काम मिळाला तर सगळ्यात भारी, टेस्टिंग संध्याकाळी ठेवायची आणि चालत खोलीवर.

पाचगावकर
ट्रॉलीचं पटलं. ड्रायव्हर घ्यावा, खरं आहे.

रंकाळ्याची_हवा
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री जेवताना घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. ठरलं ते असं. अकलूज-बारामती आत्ता फेब्रुवारीत, नाशिक पुढं कधीतरी, आठवडाभर सुट्टी काढून. माघी एकादशी होऊन गेल्यावरचा शुक्रवार धरलाय. सकाळी आठला निघायचं, त्याआधी नाही. कवठेमहांकाळला बेदाण्याचं शेड आणि बाग. दुपारी पंढरपूर, दर्शन, मुक्काम तिथंच, त्या दिवशी वाइन नाही. शनिवारी आरामात उठून अकलूज, दुपारी बागेतली टूर, संध्याकाळी टेस्टिंग, रात्री तिथंच. रविवारी रोटी आणि मुक्काम बारामतीत, सोमवारी फलटणवरून परत. म्हणजे सम्याभाऊंच्या प्लॅनला एक दिवस वाढवलाय, पण दिवसाला एकच वायनरी. ड्रायव्हर घेतोय, शेजारचाच ओळखीचा मुलगा आहे, स्वतः अजिबात घेत नाही. फ्रातेल्लीला फोन करून शनिवारची टूर आणि खोल्या आजच विचारते.

तासगावच्या दादांना एक विचारायचं होतं, सासूबाई म्हणतायत की बाग बघायला हातात रिकामं कसं जायचं, तर शेडवरच्या बायकांसाठी काय आणलेलं चालेल?

तासगावचा_बागायतदार
मावशींना नमस्कार सांगा. काहीच आणू नका, आणायचंच असेल तर कोल्हापुरी भडंग आणा, चारच्या चहाला सगळ्याजणी मिळून खातील. निघायच्या आदल्या दिवशी मला इथंच मेसेज करा, कुठल्या शेडवर काम चालू आहे आणि कुठल्या बागेत फवारणी झालेली नाही ते बघून ठेवतो. अकरा-साडेअकराच्या आत पोचा, उन्हाच्या आधी बाग फिरून होईल.

तांबडा_पांढरा
आणि वायनरीतून बाटल्या घेतल्या तर बिल जवळ ठेवा आणि गाडी उन्हात लावून बाटल्या डिकीत सोडू नका, सोमवारी फलटण-साताऱ्याच्या उन्हात कॉर्क वर येतो आणि वाइन शिजल्यासारखी लागते. थर्माकोलचा खोका न्या, सोबत गार पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, तेवढं पुरतं.

रंकाळ्याची_हवा
खोका आहे घरी, माशांचा नाही, औषधाच्या दुकानातला. भडंग नक्की. आदल्या दिवशी मेसेज करते दादा.